भिकूमामा भावाला हद्दपार करतात

पाववाला पोदेर दारात सायकल थांबवून "ताजे उंडे" म्हणाला की आमच्या सर्वण गावचे भिकूमामा हटकून विचारतात, "आणि शिळे खंय आसत?" बिचारा पोदेर शपथा घेतो. मामा पाव घेतात आणि मला समजावतात, "जो ताजे म्हणता, त्याच्या पोटात शिळ्याची भीती आसता. शब्द एकटो कधी येना रे. त्याचो दुस्मान मागसून येताच."

देवळाच्या उत्सवात दरवर्षी तेच जुनं पौराणिक नाटक होतं आणि कामं घराण्यांत वाटलेली आहेत. प्रधान आमच्या घरचा, म्हणून बँकेत कारकुनी करणारा मी प्रधान. राजा भिकूमामा, आणि राजाचा भाऊ त्यांचाच सख्खा भाऊ वासू. तालीमही मामाच घेतात. जमिनीवर दोन नारळ ठेवायचे, एक 'न्याय', दुसरा 'माया', आणि संवाद म्हणताना ज्या शब्दाची सरशी त्या नारळाकडे सरकायचं. एकदा माझा पाय लागून माया देवळाच्या पायऱ्यांवरून गडगडली आणि फुटली. मामांनी तिचं खोबरं सगळ्यांना वाटलं.

हसू नका. राजा भावाला हद्दपार करतो ते भाषण मामांनी उलगडून दाखवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. "आयक. राजा म्हणता 'परका', पण त्याच्या आधी म्हणता 'आपलं राज्य'. म्हणता 'चालता हो', पण त्याच्या आधी 'माझ्या भावा'. तोंड हाकलता, शब्द हात धरतत." इतकी वर्षं त्या भाषणात मी फक्त माझी पाळी यायची वाट बघत होतो.

यंदा उत्सव झाला की वासू इंग्लंडला मुलाकडे कायमचा निघणार होता. मामांनी लग्न केलं नाही. वासूची बायको वारलेली, घरात हे दोघेच. मामा मात्र सगळ्यांना सांगत, "जाऊं दी. बरें होतलें त्याचें." थांब असं एकदाही म्हणाले नाहीत.

रंगीत तालमीला भर दुपारी मामा मुकुट घालून मांडवात उभे राहिले. आवाज असा लागला की नैवेद्य घेऊन निघालेले भटजीही थबकले. "माझ्या भावा, या आपल्या राज्यात तू आता परका! या क्षणी..." आणि मामा थांबले. विंगेतून प्रॉम्प्टरनं "चालता हो" दिलं. पुन्हा दिलं. ओळ त्यांना लहानपणापासून पाठ होती, पण म्हणवेना. ते नुसते वासूकडे बघत राहिले. असा राजा मी जन्मात पाहिला नव्हता.

"थंय थंडी खूब म्हणतत," ते हळूच बोलले. "कानटोपी घेतलीस ना रे?"

"घेतली, दादा," हद्दपार भाऊ म्हणाला.

"मग चालता हो," महाराज म्हणाले, आणि चाचपत सिंहासनावर बसले. पुढचं वाक्य माझं होतं. प्रॉम्प्टर ते मला देत होता, पण माझं तोंडच उघडेना.