कातीव पेनांची पाठवणी

माणसाला एखादा छंद असावा, याबद्दल जाणकारांत दुमत नाही. मतभेद आहेत ते एवढ्यापुरतेच, की छंदातून जो माल निघतो तो ठेवायचा कुठे. गाण्याचा छंद असलेला माणूस शेजाऱ्यांना छळतो खरा, पण त्याचं गाणं संध्याकाळपर्यंत विरून जातं. लाकूड कातणाऱ्याचं तसं नसतं. त्याने केलेली वस्तू टिकते. (तिच्यावरचा मुख्य आक्षेप हाच आहे.)

एका विमा कंपनीच्या तक्रार विभागाचे उपप्रमुख सुट्टीच्या दिवशी घराच्या मागच्या खोलीत लेथवर पेनं करीत. बोटभर लाकडाचा ठोकळा घ्यायचा, मधोमध भोक पाडून पितळी नळी चिकटवायची, लेथवर चढवून पटाशीने हलक्या हाताने कातायचं, मग पॉलिश पेपर, मग मेण. शेवटी दोन्ही टोकं दाबून बसवायची आणि आत रिफिल भरायची. पहिलं पेन उमटलं तेव्हा उपप्रमुखांनी वर्तमानपत्राची कोरी कड रेघोट्यांनी भरून टाकली होती, आणि त्यांना इतका आनंद झाला होता की कार्यालयात त्यांनी तो कोणालाही कळू दिला नाही.

वितरणाचा पहिला टप्पा नातेवाइकांत पार पडला. वाढदिवस, बढती, नवं घर, पायाचं हाड मोडणं, प्रसंग कोणताही असो, भेट एकच. चुलत भावाने चौथं पेन घेताना "अरे, कशाला उगाच" असं म्हटलं, आणि या खेपेला त्याला खरोखरच तसं म्हणायचं होतं. त्यानंतर नातेवाइकांचं येणंजाणं कमी झालं. घरात चहा-साखरेचा खर्च आटोक्यात आला, हा या टप्प्याचा फायदाच म्हणायचा.

पेनं मात्र वाढत राहिली. बुटांच्या खोक्यांत, चमच्यांच्या खणात, शिवणयंत्राच्या झाकणाखाली. अखेर बायकोने निवाडा दिला.

"अहो, एकतर ही पेनं घराबाहेर जातील, नाहीतर तो लेथ जाईल. माझा राग कोणावरच नाही. पण पिठात भुसा सापडला तर चाळणीत नेमकं काय ठेवायचं, एवढं तुम्हीच सांगा."

 आठवडाभर उपप्रमुख कार्यालयात लोकांचं रडगाणं ऐकत आणि ते योग्य त्या विभागाकडे पाठवत. लेथ गेला तर आपल्या हातून काहीही तयार होत नाही, हे त्यांना दर आठवड्याला नव्याने कळलं असतं. पेनं विकणं भाग होतं.

कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याने काही पेनं काउंटरवर ठेवून घेतली. महिन्याने त्याने अहवाल दिला, तो समाधानकारक होता. गिऱ्हाईक येतं, लाकडी पेन हातात घेतं, किंमत ऐकतं आणि यापेक्षा स्वस्त काय आहे ते विचारतं. मग स्वस्तातलं पेन ताबडतोब खपतं. असा खप पूर्वी कधी झाला नव्हता, तेव्हा ही पेनं अशीच राहू द्यावीत, अशी त्याने विनंती केली.

पुढे हौशी कलाकारांच्या प्रदर्शनात मेणबत्तीवाली आणि मुरंबेवाला यांच्यामध्ये एक टेबल मिळालं. टेबलापाशी थांबलेल्यांपैकी निम्म्यांनी हे खरंच लाकूड आहे का असं विचारलं, पाव हिश्श्याने आपला भाचाही असलं काहीतरी करतो असं कळवलं, आणि उरलेल्यांना स्वच्छतागृह कुठे आहे ते हवं होतं. एका बाईंनी चाचणीच्या कागदावर "फारच सुंदर" असं वळणदार अक्षरात लिहिलं, पेन जागच्या जागी ठेवलं आणि मुरंबा घेऊन त्या गेल्या.

मग बायकोच्या धाकट्या भावाला बोलावणं गेलं. हा मेहुणा जाहिरातीत होता. (म्हणजे नक्की काय करत होता, हे घरात कोणी विचारत नसे.) त्याने एक पेन उजेडात धरलं, उलटसुलट पाहिलं आणि मान हलवली.

"भाऊजी, लोक पेन विकत घेत नाहीत. पेन घ्यायला एखादं कारण विकत घेतात."

त्यानुसार प्रत्येक पेनाला डबी आली, डबीला फीत आली आणि आत एक कार्ड आलं. बरंचसं लाकूड परदेशाहून आलेल्या यंत्रांच्या रिकाम्या खोक्यांचं होतं, म्हणून कार्डावर "दूरच्या प्रवासाचा मूक साक्षीदार" असं छापलं गेलं, जे अक्षरशः खरं होतं. किंमत तिप्पट झाली. पेनाचे फोटो निघाले, वाळक्या पानाशेजारी, चष्म्याशेजारी, कोऱ्या वहीशेजारी. वही कोरीच हवी, असा मेहुण्याचा आग्रह होता. लिहिलेलं दिसलं की गिऱ्हाइकाला काम आठवतं आणि त्याचा मूड जातो.

पेनं खपू लागली. फोनवर मागण्या येऊ लागल्या, एका व्यापारी कंपनीने तर सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी घेतली. बुटांची खोकी रिकामी झाली, चमचे आपल्या खणात परतले. बायको स्वतः डब्या भरायला बसू लागली, आणि तिचा हात भलताच चपळ होता.

चूक झाली ती शिस्तीमुळे. उपप्रमुखांनी कार्यालयाप्रमाणे घरातही दोन ट्रे ठेवले होते, डावा प्रलंबित, उजवा निकाली. रिफिलवाल्याचा माल रखडला होता, तेव्हा रिफिलविना पेनं डाव्या ट्रेत साठत होती. ट्रेची ही थोर व्यवस्था त्यांनी बायकोला सांगितली नव्हती. (कार्यालयातही ती कोणाला सांगितलेली नव्हती.) रिफिलींचं पुडकं आलं तेव्हा दोन्ही ट्रे चकाचक रिकामे होते. कंपनीची सगळी मागणी आणि वर कितीतरी पेनं, पोटात काही नसताना रवाना झाली होती.

 तक्रार कशी येते हे उपप्रमुखांइतकं कोणाला ठाऊक होतं? त्यांनी तीन प्रकारची उत्तरं तयार ठेवली, सौम्य गिऱ्हाइकासाठी, चिडलेल्यासाठी आणि वकील असलेल्यासाठी. मग ते वाट पाहत बसले. आठवडे गेले, एकही तक्रार आली नाही. शेवटी त्यांनी आपणहून सगळ्यांना फोनवर दिलगिरीचा निरोप धाडला. उत्तरादाखल अंगठे आले, जोडलेले हात आले, हसरे चेहरे आले. कंपनीने कळवलं की कर्मचारी अत्यंत समाधानी आहेत. एकाने लिहिलं की पेन काचेच्या कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली सापडत नाही, तेव्हा घाई नाही.

मेहुण्याला तर आकाश ठेंगणं झालं. त्याने "शाईमुक्त आवृत्ती" काढली आणि तिचे गुण छापले. खिशात गळत नाही, उन्हात सुकत नाही, मुलं भिंती रंगवत नाहीत, आणि जे कधी संपतच नाही त्याला आजन्म हमी देता येते. ही आवृत्ती सव्वापट महाग असूनही दुप्पट गेली.

लेथ वाचला होता. तरीही उपप्रमुख मागच्या खोलीत नुसतेच बसून असायचे, आणि बायकोला ते बघवेना.

"एकाने तरी लिहून बघायला हवं होतं गं," ते म्हणाले. "एकाने तरी भांडायला यायला हवं होतं."

बायको फितींचे तुकडे गोळा करू लागली. मग म्हणाली, "मला तरी कुठे कळलं? डब्या मीच भरल्या ना."

त्यानंतर काही दिवसांनी एका अनोळखी गिऱ्हाइकाचा निरोप आला. एक पेन हवं होतं, आणि पेनात रिफिल असते का, एवढाच प्रश्न होता. उपप्रमुखांनी तो बायकोला दोनदा वाचून दाखवला. कपाटातला राखून ठेवलेला गडद लाकडाचा तुकडा काढला आणि इतकं मन लावून कातला की जेवणही विसरले. चांगल्यातली रिफिल भरली. कागदावर चार ओळी लिहून पाहिल्या, शाई अगदी लोण्यासारखी उतरत होती. पेन पुसून, डबीत घालून धाडलं आणि पोचल्याची खातरीही करून घेतली.

आठ दिवसांत पेन परत आलं. सोबत तक्रार होती, उपप्रमुखांच्या छंदाच्या कारकिर्दीतली पहिली आणि अद्याप एकमेव. टोकाला शाई लागलेली आहे, असं गिऱ्हाइकाने लिहिलं होतं. पेन वापरलेलं दिसतं. भेट द्यायचं होतं, म्हणून तर रिफिलचं आधी विचारून घेतलं होतं. कृपया कोरं पाठवावं.

उपप्रमुखांनी नियमाप्रमाणे दिलगिरी व्यक्त केली आणि कोरं पाठवलं.

वाचकहो, इथपर्यंत तुम्ही गालातल्या गालात हसत आला असाल, तर ते योग्यच आहे. लोक कसे असतात हे आपल्याला ठाऊकच असतं. फक्त तुम्ही स्वतः हाताने शेवटचं काय लिहिलंत, तेवढं आठवून पाहा. बँकेत केलेली सही, बरोबर. तीसुद्धा जुळत नाही म्हणून परत आली होती.