नाकावरचं मृग

इंद्रायणीला नवरा कसाही चालणार होता, नळ मात्र घरात हवा होता. दुष्काळाच्या वर्षी तिनं पिंपळगावच्या नदीत झरा उकरून वाटीवाटीनं घागरी भरल्या होत्या, आणि दुष्काळ सरला म्हणून विहीर काही चालत घरापाशी आली नव्हती. त्यामुळे कांताबाई मावशीनं नव्या जालन्यातलं स्थळ आणलं, मुलगा बियाण्याच्या कंपनीत कारकून, बाप अडत दुकानात मुनीम, घर स्वतःचं, असं सगळं पुराण लावलं, त्यातलं इंद्रायणीनं एकच वाक्य नीट ऐकलं.

"आन् नळ घरातच हाय बरं का. वसरीवर. तोटी पितळेची."

"मला पसंत हाय," इंद्रायणी म्हणाली.

"अगं, पोराचा फोटो तरी बघ!"

इंद्रायणीनं मावशीच्या समाधानासाठी बघितला. धर्मराजचा चेहरा इतका गुळगुळीत होता की माशी बसली असती तर घसरून पडली असती. इंद्रायणीनं फोटो परत दिला आणि विचारलं, "पाणी रोज येतं का एक दिवसाआड?"

मुलाचे वडील राधाकिसनराव मात्र हिशोबी माणूस. त्यांचा निरोप होता, की आधी मुलीचा फोटो पाठवा, पसंत पडला तर बघायला येऊ, उगाच माणसं घेऊन फिरायचा खर्चा कशाला. आईनं, म्हणजे आसराबाईनं, थोरल्या मुलाला हाक मारली. "मल्हारी, उद्या इंद्रीला जालन्याला ने अन् स्टुडिओत एक चांगला फोटो काढून आण."

मल्हारीला हे फार लागलं. "घरात फोटोग्राफर असताना स्टुडिओत? माय, लोकं हसतील ना!"

लोकं हसतच होती. मल्हारी गावच्या पीककर्जाच्या सोसायटीत कारकून होता, आणि कुणाकडून तरी जुना डबा कॅमेरा घेतल्यापासून तो स्वतःला कलावंत समजू लागला होता. त्याला माणसांचे फोटो काढणं हलकं वाटे. त्याचा सगळा जीव निसर्गात. वर्षभर त्यानं रेणुकाईच्या देवळाचेच फोटो काढले. एकात शिखर नव्हतं, दुसऱ्यात नुसतं शिखर होतं, आणि तिसऱ्यात दोन्ही आलं तर मध्ये रामरावांची म्हैस उभी. त्या तिसऱ्याला 'ग्रामीण प्रभात' असं नाव देऊन त्यानं तो भिंतीवर टांगला होता. म्हशीचा फोटो कशाला टांगला म्हणून रामरावच येऊन विचारून गेले. डोंगराचे फोटो काढले, त्यात कोपऱ्यात डोंगराएवढाच त्याचा अंगठा. सोसायटीत दिवसभर दुसऱ्यांचे अंगठे घेणारा माणूस, फोटोत स्वतःचा देऊन मोकळा व्हायचा.

"दादा, एकच सांगते," इंद्रायणी म्हणाली, "माझं तोंड आलं पायजे फोटोत. पूर्ण. तुझा अंगठा न्हाई."

"तुला कळत न्हाई त्यातलं. तू फक्त हलू नको."

अख्खी दुपार तिला त्यानं अंगणात स्टुलावर बसवून ठेवलं. आधी ऊन जास्त होतं, मग ऊन कमी होतं, मग ऊन बराबर होतं पण कोंबडी आली. शेवटी एकदा खट्ट झालं आणि मल्हारीनं घाम पुसला. त्या डबा कॅमेऱ्याची एक रीत होती. फोटो काढला की बाजूची चावी फिरवून रीळ पुढं सरकवायचं. नाही फिरवली, तर पुढचा फोटो मागच्याच्याच अंगावर छापला जायचा. हे मल्हारीला पाठ होतं, आणि तो ते येईल त्याला समजावून सांगायचा. त्या दिवशी सांगायला कुणी आलं नाही, म्हणून त्याच्याही लक्षात राहिलं नाही.

शिवाय त्याचं मन आभाळात होतं. त्या दिवसांत पेपरांनी एका शेपटीवाल्या ताऱ्याचा मोठा गाजावाजा केला होता. संध्याकाळी पश्चिमेला दिसेल, नुसत्या डोळ्यांनी दिसेल, असा पुन्हा जन्मात दिसणार नाही, वगैरे. गावात तो कुणालाही दिसला नाही. पण दिसत नसलेल्या गोष्टीचा फोटो काढायला मल्हारी कधी कचरला नव्हता. अंधार पडताच तो कॅमेरा घेऊन माळवदावर चढला. रॉकेलच्या डब्यावर कॅमेरा ठेवला, त्याच्यावर विटेचं वजन ठेवलं. पश्चिमेला शेजाऱ्याचं लिंबाचं झाड आडवं येत होतं, म्हणून शहाण्यानं कॅमेऱ्याचं तोंड पूर्वेला केलं.

"दादा, तारा पश्चिमेला हाय म्हणून तूच वाचून दाखवलं ना?" खालून इंद्रायणीनं विचारलं.

"आभाळ एकच असतंय! तू भाकरी टाक."

त्यानं कॅमेऱ्याचा डोळा उघडा ठेवला आणि थंडीनं कुडकुडत आपण काहीतरी थोर करून राह्यलो या समाधानात बराच वेळ उभा राहिला. दुसऱ्या दिवशी जालन्याला निघालेल्या कांताबाईच्या हाती त्यानं रीळ दिलं. वर सांगितलं, की स्टुडिओवाल्याला म्हणावं, पोरीचा फोटो धुतला की थेट पाव्हण्यांच्या घरी पोचता कर. घरी आणून बघत बसायची काही गरज न्हाई, फोटो चांगलाच आलेला हाय.

चार-पाच दिवसांनी सकाळी गावात सरकारी जीप शिरली. तिच्यातून भोकरदनचे देवी डॉक्टर सर्जेराव उतरले. देवीच्या रोगाची लस टोचणाऱ्या या माणसाला सगळा तालुका ओळखायचा, पोरं तर लांबूनच ओळखून पळायची. त्यांनी पारावर विचारलं, "आसराबाईचं घर कुठाय? त्यांच्या इंद्रायणीला देवी आल्यात अशी खबर हाय."

आता रेणुकाईच्या गावात 'देवी आली' म्हटल्यावर कुणाला काय कळणार? निम्म्या गावानं दारं लावून घेतली. उरलेलं निम्मं गाव हळदकुंकवाची ताटं घेऊन आसराबाईच्या दारात जमा झालं. गोजरबाई सगळ्यांत पुढं. तिची शेळी दोन दिवसांपासून सापडत नव्हती आणि इंद्रायणीच्या अंगात देवी आलीच आहे तर विचारून घ्यावं, एवढाच तिचा साधा हेतू होता. आसराबाई दारात उभी राहून बायकांना सांगत होती की देवी आली न्हाई, आणि डॉक्टरांना सांगत होती की देवी आल्या न्हाईत.

"व्हा बाजूला! जवळ जाऊ नका!" सर्जेराव ओरडले. "पेशंट कुठाय?"

"पेशंट पाण्याला गेलीया," आसराबाई रडवेली होऊन म्हणाली.

तेवढ्यात पेशंट डोक्यावर दोन घागरी घेऊन आली. गर्दी बघून थबकली. सर्जेरावांनी खिशातून फोटो काढला, तिच्याकडं बघितलं, परत फोटोकडं बघितलं, रुमालानं फोटो पुसला.

"ही तूच का?"

इंद्रायणीनं फोटो हातात घेतला. तोंड पूर्ण आलं होतं. अंगठाही नव्हता. फक्त कपाळापासून हनुवटीपर्यंत, गालांवर, गळ्यावर टपोरे पांढरे फोड उठले होते आणि नाकावर तर तीन ओळीनं. हा फोटो जालन्याच्या त्या वसरीवर जाऊन आला होता. तिच्या डोळ्यांसमोर पितळेची तोटी आली आणि लांब लांब गेली.

"दादा! हे काय केलंस रे माझ्या तोंडाचं?"

मल्हारी पुढं झाला. त्यानं फोटो बघितला आणि त्याचा चेहरा उजळला. "मृग! अरे, हे मृग नक्षत्र हाय! साहेब, हे तीन बघा, एका ओळीत! हे खांदे, हे पाय! डबा कॅमेऱ्यात मृग धरलंय मी, साहेब!"

"कुठं धरलंय? बहिणीच्या नाकावर?" सर्जेराव गरजले. "सरकारी जीप पळवली मी! तुमच्या पाव्हण्यांनी जालन्यात खबर दिली, तिथून मला फोन, वर हा फोटो पुरावा म्हणून! रोगी कळवा, बक्षीस मिळवा असं भिंतीवर लिवलंय ना सगळीकडं. ते बक्षिसासाठी रोज दवाखान्यात चकरा मारून राह्यलेत."

"कोण?" आसराबाईनं विचारलं.

"राधाकिसनराव! आजून कोण?"

सोयरीक जुळायच्या आत मुलीला रोगी म्हणून विकून मोकळा झालेला हा पाहुणा! आसराबाईनं तिथंच कपाळाला हात लावला. मल्हारीला अजून फोटो परत मिळतो का याचीच काळजी होती. इंद्रायणीनं घागरी उतरवल्या, पदर खोचला आणि जीपमध्ये जाऊन बसली.

"कुठं निघालीस?"

"जालन्याला. माझं तोंड मीच दाखवते. फोटोवाल्यांचं काम न्हाई ते."

सर्जेरावांनाही खोटी खबर देणाऱ्याची हजेरी घ्यायची होतीच. जीप दुपारी नव्या जालन्यात पोचली, आसराबाई आणि मल्हारीसकट. राधाकिसनरावांनी दार उघडलं, इंद्रायणीला बघितलं आणि उपरणं नाकातोंडाला लावून चार पावलं मागं गेले.

"लांबून! लांबून बोला! रोग्याला घरात कशाला आणलं, साहेब?"

"नीट बघा," इंद्रायणी उन्हात उभी राहिली. "हाय का काही? मोजा."

काहीच नव्हतं. राधाकिसनरावांनी उपरणं खाली घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो हा, "मंग बक्षिसाचं कसं?"

सर्जेरावांच्या मस्तकात तिडीक गेली. "बक्षीस? देतो ना. खबर देणाऱ्याच्या घरातली सगळी माणसं टोचून घ्यायची, हाच कायदा हाय." कायदा बिलकुल असा नव्हता, पण सुई त्यांच्याकडं होती. "घरात कोण कोण हाय? जल्दी बाहेर बोलवा!"

राधाकिसनराव टोचून घेताना एवढे ओरडले की शेजारी गोळा झाले. त्यांच्या बायकोनं, उषाबाईनं, मुकाट्यानं दंड पुढं केला. मुलगा मात्र काही बाहेर येईना.

"तो झोपलाय," राधाकिसनराव म्हणाले.

"कंपनीत गेलाय," उषाबाई त्याच वेळी म्हणाली.

"कंपनीत झोपलाय का? काढा बाहेर!"

आतलं दार करकरलं आणि धर्मराज बाहेर आला. अंगानं धडधाकट, डोळे चांगले, आणि चेहऱ्यावर देवीचे वण, गालभर, कपाळभर, खोल. सर्जेरावांनी सुई परत डबीत ठेवली. "ह्यांना गरज न्हाई. ह्यांना लहानपणीच होऊन गेल्यात."

मल्हारीला आता एकदम भाऊपण आठवलं. "फसवलं! फोटोत तर लोणी होतं नुसतं! आमच्या बहिणीला रोगी म्हणता, अन् घरात हे लपवून ठेवलं?"

"अन् तुम्ही पाठवला तो फोटो काय होता?" राधाकिसनराव उसळले. "आमच्या स्टुडिओवाल्यानं असलेलं घालवलं, तुम्ही नसलेलं आणलं! आमचा माणूस तरी कारागीर हाय!"

"ते मृग हाय! मृग!"

"असंल! आमच्या घरात नक्षत्रं नकोत!"

आसराबाई मध्ये पडली, शेजारी मध्ये पडले, सर्जेरावही विनाकारण मध्ये पडले. या गोंधळात इंद्रायणीकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. ती सरळ वसरीच्या कोपऱ्यात गेली. नळ होता. पितळेचा, चिंच लावून घासलेला, वर कुंकवाचं बोट. तिनं एक हात खाली धरला आणि दुसऱ्यानं तोटी फिरवली. काही आलं नाही. उलटी फिरवली. एक कोळी बाहेर आला आणि नाराज होऊन परत आत गेला. इंद्रायणीनं वाकून भिंतीमागं बघितलं. नळाला जोडलेला पाईप वीतभर पुढं गेला होता आणि तिथंच संपला होता.

तिला रडूच आलं. सकाळपासून फोड झाले, देवी झाली, गावापुढं तमाशा झाला, तेव्हा आलं नव्हतं.

"एक दिवसाआड येतं पाणी," राधाकिसनराव भांडण सोडून घाईनं म्हणाले. "आज त्याचा दिवस न्हाई."

"खोटं हाय ते," मागून धर्मराज म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच कुणीतरी ऐकला. "तुमच्या मावशी यायच्या आदल्या दिवशी बसवलाय. दाखवायला. अन् फोटोचं म्हणाल, तर मी स्टुडिओवाल्याला म्हणालो होतो, राहू दे जसं हाय तसं. आण्णांनी ऐकलं न्हाई."

राधाकिसनरावांनी पोटच्या पोराकडं असं बघितलं, की त्याच्या नावाचीही खबर द्यायची सोय असती तर लगेच दिली असती.

"चल इंद्रे," आसराबाई म्हणाली. "असल्या तोंडाच्या माणसाशी—"

"तोंडाला काय झालंय, माय?" इंद्रायणीनं डोळे पुसले. "तोंडानं पाणी भरायचंय का? पाईप टाका म्हणावं आधी. पाणी आलं की नळाचा फोटो पाठवा. पसंत पडला तर बघायला येऊ. उगाच माणसं घेऊन फिरायचा खर्चा कशाला."

"फोटो मी काढून देतो ना!" मल्हारी लगबगीनं म्हणाला. "कॅमेरा आणलाच हाय मी."

"तू न्हाई," इंद्रायणी, आसराबाई आणि सर्जेराव एकदमच म्हणाले.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा जालन्याहून पाकीट आलं. मल्हारीनंच ते आधी फोडलं, कारण फोटो म्हटला की पहिला हक्क त्याचा. बराच वेळ जवळून बघितला, लांबून बघितला, आणि तुच्छतेनं बहिणीच्या पुढ्यात टाकला. फोटोत तीच वसरी, तोच नळ, खाली घागर, आणि बाजूला उकिडवा बसलेला धर्मराज, चेहऱ्यावर सगळे वण जसेच्या तसे.

"काही दम न्हाई," मल्हारी म्हणाला. "माणूस बराबर आलाय, घागर बराबर आलीय, अन् पाणी बघ. नुसतं पांढरं, फराटे ओढल्यासारखं. पाणी हललंय फोटोत."

इंद्रायणीनं फोटो उचलून उंबऱ्यात उजेडाला धरला.

"हललंय ना?" ती म्हणाली. "मंग खरं हाय. मावशीला सांग, बघायला येतो म्हणून."