चाळिसाव्याची वाइन

"आई, तू अजिबात काळजी करू नकोस! बाबांना जाऊन चाळीस दिवस होतील ना, ते चाळिसावं असं करतो, असं करतो, की वारदिसकाकासुद्धा तोंडात बोटं घालेल!"

सिफिसने छातीवर हात मारून हे सांगितलं आणि एर्गिनाने देवाचं नाव घेतलं. हा मुलगा छातीवर हात मारून जे जे बोलला, ते ते आजवर उलटंच झालं होतं!

पण या खेपेला त्याला खरंच मनापासून करायचं होतं. पावलिस, त्याचा बाप, जाताना एकच मागून गेला होता. "चाळिसाव्याला माझीच वाइन पाजा रे. एकदा तरी गावाने न हसता पिऊ दे."

गाव हसायचं त्याला कारण होतं. जर्मनीतल्या चाकांच्या कारखान्यात अकरा वर्षं राबून लोक क्रीट बेटावर परत यायचे ते शिलाई मशीन घेऊन, रेडिओ घेऊन. पावलिसने बॅग उघडली तर आत लोकरीची ओली चड्डी, आणि चड्डीत गुंडाळलेल्या राइसलिंग द्राक्षाच्या काड्या! बर्फातला वेल तो. इथे ऑगस्टमध्ये सरडेसुद्धा सावली शोधतात.

"उद्या कोंबडीला पोहायला शिकवशील!" शेजारचा वारदिस म्हणाला होता.

पावलिसने तीस वर्षं ते वेल जगवले. आंबटपणा टिकावा म्हणून सगळ्यांच्या आधी तोडणी करायचा, तरी मनासारखा उतरला नाही तर वरून द्राक्षाच्याच आंबट पुडीची मूठ टाकायचा. मग काय, एक घोट घ्यावा आणि दात जागेवर आहेत का बघावं! लोक हसायचे, पावलिसही हसायचा. पाहुणे गेले की पेले मात्र स्वतःच विसळायचा. त्यांत किती वाइन उरली ते बायकोला दिसू नये म्हणून. बायकोला ते ठाऊक होतं.

यंदाची तोडणी त्याने केली आणि ऑक्टोबरात गेला. त्याच्या हातची शेवटची वाइन एका मोठ्या बुधल्यात उरली होती, वीस लिटर.

आदल्या दिवशी एर्गिना ओट्यावर गहू उकडत होती. "सिफी, वाइनमध्ये पूड टाकायची राहिलीये बघ. मांडणीवरचा डावीकडचा डबा! उजवीकडे पिठीसाखर आहे."

दोन्ही डबे कॉफीचे, दोन्हींत पांढरी भुकटी. फरक फक्त डाव्या-उजव्याचा. आणि आमच्या या दिवट्याने सकाळीच पाहुणे येणार म्हणून मांडणी घासूनपुसून लख्ख केली होती!

त्याने डावीकडचा डबा उचलला. चव बघावी तर चाळिसाव्यापर्यंत वाइनचा थेंब घ्यायचा नाही असं व्रत धरलेलं. त्याने दोन मुठी टाकल्या. मग वाटलं, बाबांना जरा जास्तच आंबट आवडायची. डोळे भरून आले, आणि त्या भरात त्याने अख्खा डबा उपडा केला!

इकडे एर्गिनाने गव्हात बदाम, डाळिंबाचे दाणे मिसळून कोलिवाचं ताट रचलं, वर उजव्या डब्यातली भुकटी बोटभर जाड थापली. "साखरेला ओल लागली वाटतं," एवढंच पुटपुटली. चाखून कशी बघणार? पाद्रीबुवांच्या आशीर्वादाआधी मृताचा घास कुणी उष्टा करत नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या अंगणात सगळं गाव जमलं. चमचाभर कोलिवा तोंडात टाकायचा आणि म्हणायचं, "देव त्याला क्षमा करो." रीतच आहे ती. पहिला मान पाद्रीबुवांचा, पापा-स्तेलिओसचा. त्यांनी घास घेतला. एक डोळा मिटला. दाढी थरथरली.

"देव त्याला... अग्ग्गं... क्षमा करो!"

त्यांच्या गालावरून घळाघळा पाणी. मागून वारदिस. तोही रडला! मग सगळी रांगच. बाया रडतायत, बाप्ये रडतायत, जो तो कळवळून देवाकडे क्षमा मागतोय.

एर्गिना बघतच राहिली. माझ्या माणसासाठी एवढं रडतात लोक? तिच्या स्वतःच्या डोळ्यांतून चाळीस दिवसांत टिपूस आलं नव्हतं. तिने घास तोंडात घातला.

दात आंबले. जीभ आखडली. तीस वर्षांची चव होती ती! तिला हुंदकाच फुटला. पावलिस जणू पाठीशी येऊन उभा राहिला होता.

मग तिला कळलं. "सिफ्या! डबे हलवलेस?"

"फक्त पुसले गं..." सिफिसचा चेहरा पांढराफटक पडला. "आई! वाइन!"

दोघं धावले, पण उशीर झाला होता. तोंडातला आंबटपणा धुऊन काढावा म्हणून लोकांनी बुधल्यावर झडप घातलेली. वारदिसने पेला एका दमात रिकामा केला, मिशा पुसल्या.

"अरे पावलिस, लेका! एवढी गोड? तीस वर्षं आमच्यापासून लपवलीस होय रे!"

"अमृत आहे, अमृत!" पापा-स्तेलिओस म्हणाले आणि त्यांनी पेला पुन्हा पुढे केला.

कुणीही हसलं नाही. एकही पेला उष्टा राहिला नाही. सिफिसने व्रत सोडलं, एक घोट घेतला. नुसतं साखरपाणी. बापाचा त्यात मागमूस नव्हता, आणि बुधल्यात आता थेंबही नव्हता.

"सांगून टाकतो सगळ्यांना," तो रडवेला होऊन म्हणाला. एर्गिनाने त्याचं मनगट घट्ट धरलं.

तेवढ्यात वारदिस जवळ आला, खाली बघत. "वहिनी, जन्मभर चेष्टा केली मी त्याची. चुकलं माझं. छाटणीच्या वेळी मला दीडशे काड्या ठेवाल?"

"मलाही चर्चमागच्या तुकड्यासाठी," पाद्रीबुवा म्हणाले. पाठोपाठ आणखी सातजण.

"नेऊन लावा," एर्गिना म्हणाली.

सगळे पांगल्यावर सिफिसने आंबट कोलिवाचं ताट उचललं. "आई, तीन वर्षांनी त्यांच्या घरी खरी वाइन निघेल. मग गावभर बाबांना शिव्या पडतील गं!"

एर्गिनाने ताटातला आणखी एक चमचा तोंडात टाकला, डोळे घट्ट मिटले.

"पडू देत," ती म्हणाली. "तेवढंच घरोघरी त्यांचं नाव निघेल."