डाव्या सीटवरची नवरी

जवाहरनगरच्या फॅक्टरीत मी अठ्ठावीस वर्षं फिटर होतो. एका गाडीच्या सीटा दुसऱ्या गाडीत बसवणं म्हणजे माझ्यासाठी शर्टाचं बटण लावण्याएवढं काम, असं मी घरी सांगून ठेवलं होतं.

गाडी माझी जुनी, विलायती, स्पोर्ट्सवाली. बिनछपराची, दोनच माणसांची, चिखलात बसलेल्या म्हशीएवढी बुटकी. तिच्या सीटा उंदरांनी खाल्ल्या होत्या. मुलीचं, प्रतिक्षाचं, लग्न लाखनीला ठरलं आणि ती म्हणाली, "बाबा, मी तुमच्याच गाडीत येईन." मग मी भंगारातल्या मारुतीच्या दोन सीटा आणल्या.

त्या रुंद निघाल्या. पाठ मागं पाडायचा खटका दाराला अडकून दार लागेना. मी डावी सीट उजवीकडे टाकली, उजवी डावीकडे. खटके आत, हँडब्रेकला चिकटून आले. दार लागलं.

"चालवून पाह्यली काय?" बायकोनं, सत्यवतीनं विचारलं.

"दोनदा."

दोन्ही वेळा बाजूची सीट रिकामी होती, हे मी सांगितलं नाही.

लग्नाच्या दिवशी सत्यवती पाहुण्यांच्या बसनं पुढं गेली. मागून आम्ही दोघं. ट्रकांच्या गर्दीत माझी नजर रस्त्यावरच होती. लग्नाचा हॉल हायवेच्या खालच्या अंगाला होता. उतारावर गाडी थांबवली, खालचे पाहुणे बघत होते म्हणून हँडब्रेक जरा ऐटीतच ओढला आणि हात जोडत उतारावरून खाली पाहुण्यांकडे गेलो. बँड जोरात होता.

व्याही चिंधूजी पुढं आले. "नवरी कुठं हाय?"

"गाडीत बसली हाय ना."

"व्याही, गाडीत कोणीच नाही."

मी वळून पाहिलं. डाव्या बाजूला कोणीच दिसेना. त्या बाजूचं दार लागेल असं मीच केलं होतं. वाटेत पोरगी पडली!

नवरदेवाचा मित्र अमर मोटारसायकलवर होता. त्याच्या मागं बसलो आणि आम्ही हॉलच्या दुसऱ्या फाटकातून हायवेला लागलो. रस्त्याकडेच्या धानाच्या बांध्यांत पाहत, तिला हाका मारत चार किलोमीटर गेलो. चहाच्या टपरीवर विचारलं, "पांढऱ्या साडीतली नवरी पडलेली दिसली काय?"

टपरीवाल्यानं थोडा विचार केला. "आज तं नाही."

मग अमरचा फोन वाजला. नवरी सापडली होती, गाडीतच. झालं असं, की मी हँडब्रेक वर ओढला, त्यानं शेजारचा खटका उचलला आणि सीट प्रतिक्षासकट उताणी झाली. खालून बघणाऱ्याला ती दिसणार कशी? ती हाका मारत होती, पण बँडपुढं कोण ऐकतं? शेवटी नवरदेव धम्मदीपच वर गेला आणि हात देऊन त्यानं तिला उठवलं.

परत आलो तेव्हा बँड थांबला होता. नवरा-नवरी मंचावर बसलेले, भंतेजी घड्याळ बघताहेत, तीनशे माणसं दाराकडे तोंड करून. मी चपलेनं धूळ उडवत आत शिरलो. सदऱ्याची एक बाही फाटली होती. कशात, ते मला आजही आठवत नाही.

प्रतिक्षानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग हळूच विचारलं, "बाबा, तुम्ही कुठं पडले होते?"