नानांचा जिता दगड

नानांच्या घरी चहा हवा असेल तर आधी एका दगडावर बोट ठेवावं लागे. दगड म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी चकती. तोंडावर नागमोडी रेघ, मागे दोन तारा. नाना ती मीटरला जोडत, पाहुण्याचं बोट धरून तिच्यावर टेकवत. काटा धपकन खाली. बोट उचललं की काटा पुन्हा वर.

"देख भो, हाऊ दगड जिता शे!" नाना असे ओरडत की अख्ख्या गल्लीला कळे, आज कुणीतरी नवीन सापडलंय. मग स्वतः आत जाऊन चहा टाकत.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. सुरतेत डिंडोलीला आमची घरं भिंतीला भिंत लागून. नाना अमळनेरकडचे, बमरोलीच्या एका लूमच्या कारखान्यात वायरमन. चारेक महिन्यांपूर्वीच बायकोसह शेजारी राहायला आलेले. मी लातूरकडचा, मराठी शाळेत विज्ञान शिकवणारा. म्हणजे नानांच्या तावडीत आयताच सापडलेला.

"गुरुजी, हा दगड म्हणजे कॅडमियम सल्फाइड. आतून कसं असतं, सांगा बरं?"

मी आपलं मोघम सांगितलं, अणूंची जाळी असते वगैरे. नाना हळहळले. दुसऱ्या दिवशी ते बोरं, भिजवलेले हरभरे आणि केरसुणीच्या काड्या घेऊन आले. बोर म्हणजे गंधक, हरभरा म्हणजे कॅडमियम. प्रत्येक हरभऱ्याला चार बोरं, प्रत्येक बोराला चार हरभरे. तासाभरात आमच्या ओट्यावर अशी रचना उभी राहिली की वरून पाहिलं तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं दिसावीत.

"अंधारात सगळे हात धरून गप्प बसतात. उजेड पडला की इलेक्ट्रॉन हात सोडून पळतात, आणि वीज वाहते. धातूसारखी धो धो नाही, काचेसारखी बंदही नाही. उजेड असेल तेवढी."

हे मी बी.एस्सी.ला शिकलो होतो. समजलं त्या दिवशी.

पुढे नानांनी सोसायटीच्या खांबावरचा दिवा या दगडाला जोडून दिला. अंधार पडला की आपोआप लागणार, उजाडलं की आपोआप विझणार. संध्याकाळी सगळे बाहेर जमले. दिवा लागला. टाळ्या पडल्या. दिवा विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला. त्याचा उजेड दगडावर पडून दगडाला वाटे, सकाळ झाली! विझला की वाटे, रात्र. दहा मिनिटांत पोरं खांबाभोवती नाचायला लागली.

सोसायटीचे प्रमुख देसाईभाई धावत आले. "नानाभाई, आ शुं मांड्युं छे? कोईनां लग्न छे?"

"मनी चूक शे, दगडनी नही," नाना शिडीवरून ओरडले आणि दिव्याचा उजेड लागू नये म्हणून दगडावर पाइपाच्या तुकड्याचं टोपडं चढवून खाली आले.

नानांच्या बायकोबद्दल मात्र आमच्या घरात नाराजी होती. सुशीलावहिनी बाहेर फारशा येत नसत. कधी दारात दिसल्या तर माझी बायको हसे. त्या हसत नसत. "एवढा कसला तोरा म्हणते मी," ती धुसफुसे. त्यात त्यांच्या घरातून दिवसभर एक बारीक आवाज यायला लागला. कुंईऽऽ. कधी चढा, कधी उतरता. आठवडाभर ऐकल्यावर बायको म्हणाली, "आज बोलून या."

मी संध्याकाळी गेलो. दार उघडंच होतं. वहिनी समोर बसून मेथी निवडत होत्या. शेजारी स्टुलावर तो आवाज करणारा डबा, दाराकडे तोंड करून ठेवलेला, आणि त्याच्यावर तसाच एक दगड. मी उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि आवाज खाली गेला.

"कोण आलंय?" वहिनींनी विचारलं. त्या माझ्याकडेच पाहत होत्या.

मी नाव सांगितलं आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "आधी अंधुक दिसायचं, मग दिसणंच गेलं. मीच ह्यांना म्हटलं, नव्या ठिकाणी एवढ्यात कुणाला सांगू नका. लोक कीव करतात हो. बसा ना."

मी बसलो.

"सकाळ झाली, ऊन कलंडलं, कुणी दारात आलं, सगळं कळतं आता. ह्यांना तर आपली सावली वेगळी वाजायला हवी होती. एक अख्खा रविवार दारात आत-बाहेर केलं! पण सावली सगळ्यांची सारखीच वाजते. फार खट्टू झाले." त्या हसल्या. "तुम्हाला आवाजाचा त्रास होतो का?"

"छे हो," मी म्हणालो.

तेवढ्यात नाना आले. मी कोपऱ्यात होतो, त्यांना दिसलो नाही. नेहमी वेशीपासून ओरडत येणारा माणूस उंबऱ्यात मुकाट उभा राहिला. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि डब्यासमोर हात वर करून दोनदा हलवला. आवाज दोनदा तुटला.

वहिनींनी मेथीची जुडी मांडीवर ठेवली, चेहरा दाराकडे वळवला आणि हात उंचावून त्यांना तसाच हलवून दाखवला.