सोडलेलं दूध

कुमुदिनी आगटे यांनी दूध सोडलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, ज्या म्हशीचं दूध त्या इतकी वर्षं पीत होत्या ती म्हैस, मैना, कारण विचारायला घरी आली.

आगटे कराडला तिसऱ्या मजल्यावर राहत. लिफ्टमध्ये पाळीव प्राण्यांना मनाई होती, पण मैना त्या इमारतीत कुणाचीच पाळीव नव्हती, भेटायला आली होती. वॉचमनने नाव विचारून तिला वर सोडलं. लिफ्टमध्ये जागा उरली नाही म्हणून तिचे मालक, बापू हुबाळे गवळी, जिन्याने आले.

"ऐकंचना," ते दारातच म्हणाले. "म्हटलं, चल बाई, तूच इचार."

कुमुदिनीबाईंनी टीपॉय सरकवला. मैना हॉलमध्ये बसली. त्यांचे यजमान श्रीपादराव यांनी पेपर वाचता वाचता पाय वर घेतले.

"दुधात पाणी लागलं का?" मैनेने विचारलं.

"नाही."

"वास?"

"छे. तुझ्या दुधात काही खोट नाही, मैना."

"मग झालं काय?"

कुमुदिनीबाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या होत्या. जनावरांवर त्यांचा फार जीव. जिन्याखाली कुत्री, बाल्कनीत पंख मोडलेला कावळा, असं त्यांचं चाललेलं असे. मागच्या आठवड्यात त्या एका कुत्र्याला औषध लावायला बापूंच्या गोठ्यात गेल्या, तेव्हा नेमकी धारेची वेळ होती. रेडकाने दोन ढुशा दिल्या, मैनेला पान्हा फुटला, आणि लगेच रेडकाला दाव्याने ओढून बाजूला बांधलं. ते तिथून बघत राहिलं. घरी आल्यावर बाईंच्या घशाखाली चहा उतरला नाही.

हे त्यांनी मैनेला जसंच्या तसं सांगितलं.

"मला म्हाईत हाय," मैना म्हणाली. "मी तिथंच असते."

मैनेच्या अंगाला ताज्या धारेचा वास होता. बाईंना एकदम सायीची आठवण झाली, आणि पाठोपाठ गरम भातावरच्या तुपाची. कालपासून डोकं ठणकत होतं. नारळाच्या दुधाचा चहा त्यांनी तीनदा करून बघितला होता. सोलकढी तापवल्यासारखा लागतो, एवढंच श्रीपादराव म्हणाले होते, आणि प्यायलेही होते.

"परत घ्याया लागलात तरी मी काय मनाला लावून घेणार न्हाई," मैना म्हणाली.

"नाही," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "सोडलं ते सोडलं."

"बरं. पण तुमी सोडलेलं दूध रेडकाला मिळतंय असं वाटतंय का तुमास्नी? आज सकाळी ते पलीकडच्या डॉक्टरांकडं गेलं."

बाईंनी बापूंकडे पाहिलं. बापू पंख्याकडे बघू लागले.

"बापू, माझ्या वाटचं दूध रेडकाचं. एक सड त्याच्यासाठी सोडायचा."

"बाई, दूध कमी पडलं की म्हशीला बाजार दाखवावा लागतो. रीत हाय ती."

"बाजार दाखवायचा नाही."

"आन् न्हाई ऐकलं तर?"

"तर रोज धारेच्या वेळी मी गोठ्यात येऊन बसेन."

"आन् मी पान्हा चोरीन," मैना म्हणाली.

"तोंडावर सांगून चोरतात व्हय कुठं?" बापूंनी विचारलं. मैना रवंथ करत राहिली. बापूंनी एकदा तिच्याकडे आणि एकदा बाईंकडे बघितलं आणि एक सड कबूल केला.

तरी कुमुदिनीबाई रोज गेल्याच. पालथ्या घमेल्यावर बसून त्या बघत. रेडकू आपल्या सडाला पोटभर लुचायचं. बाकीच्या सडांची धार बापूंच्या बादलीत वाजायची, तेव्हाही त्या मान वळवत नसत. ते बघणं नारळाच्या चहापेक्षा कठीण होतं. घरी येऊन त्या शेंगदाण्याच्या दुधाला मिरचीच्या देठांचं विरजण लावत. दही लागत नसे, पातळ व्हायचं, फाटायचं. त्या पुन्हा लावत. एके सकाळी ते लागलं. श्रीपादरावांनी त्यात भात कालवला आणि पुन्हा मागून घेतला. बाईंचं डोकं ठणकायचंही तोवर थांबलं होतं.

रेडकाच्या अंगावर तुकतुकी आली तेव्हा मैनेने विषय काढला.

"शेजारच्या गोठ्यातली म्हस इचारत हुती. तिच्या गिऱ्हाइकांत कुणी सोडलंय का म्हणून."

"कोण गिऱ्हाइकं तिची?"

मैनेने घरं सांगितली. मारुतीच्या देवळामागची आळी, तिथून पोस्टापर्यंत.

"ऐकतील का?"

"तुमी एकट्या गेलात तर चहा पाजून वाटंला लावतील," मैना म्हणाली. "मी येते संगं."

बाईंनी चपला घातल्या. बापूंनी दावं सोडलं, आणि धारा काढायच्या आत परत या, असं बजावलं. दोघी आळीत शिरल्या. पहिल्या घरी दार उघडलं ते कुलकर्ण्यांच्या सुनेने. तिने दोघींना आत घेतलं, पंखा लावला, आणि चहा टाकू का म्हणून विचारलं.

"टाका," मैना म्हणाली. "बिनदुधाचा."