मनुबाईंचा खाडा

दूध संस्थेच्या कॉम्प्युटरचं उद्घाटन तीन तारखेला सकाळी होतं आणि ऐन वेळी चहाला दूध कमी पडलं. आता दूध संस्थेत दूध कमी पडावं ही नाचक्कीच. सचिव भाऊसो धावत बाहेर आले, तर समोर मनुबाई किटली घेऊन उभ्या.

"आक्का, आज तुमचं दूध च्याला घिऊ का? पाव्हणं आल्यात."

"घ्या की. त्यात इचारायचं काय?"

"मग पावती फाडत न्हाई. घरचंच काम हाय."

मनुबाई हसल्या आणि रिकामी किटली घेऊन घरी गेल्या. दादासो चेअरमननी नारळ फोडला, चहा फक्कड झाला आणि रहिमतपूरच्या अलीकडच्या त्या गावात पंच्याण्णव साली नवं युग सुरू झालं.

युगाची सगळी जबाबदारी प्रियदर्शनीवर होती. साताऱ्याहून कॉम्प्युटर शिकून आलेल्या या मुलीनं दोन महिने खपून संस्थेच्या दहा वर्षांच्या वह्या त्यात भरल्या होत्या. कुणी कुठल्या दिवशी किती दूध घातलं, फॅट किती लागली, सगळं. भरलेल्या वह्या भाऊसोंनी लगोलग तासगावच्या द्राक्षवाल्याला देऊन टाकल्या. द्राक्षांच्या पेटीत घालायला त्याला कागदाची कातरणं लागत.

"आता हितं धूळ नगं," भाऊसो म्हणाले. "समदं ह्या डब्यात हाय."

महिनाअखेर संस्थेचा दहावा वर्धापनदिन होता. दहा वर्षांत एकही खाडा न करता दूध घालणाऱ्या सभासदाला नाव कोरलेली स्टीलची किटली द्यायची, असं ठरलं होतं. ती कुणाला मिळणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मनुबाईंचा नवरा गेला त्या दिवशीही त्यांचं दूध आलं होतं. शेजारच्या चंद्राबाईनं धार काढून आणून दिलं होतं. "म्हशीला सुतक कळत न्हाई," एवढंच मनुबाई म्हणाल्या होत्या. भाऊसोंनी ती नोंद स्वतःच्या हातानं केली होती आणि करताना त्यांचे डोळे भरून आले होते.

दहा तारखेला टँकरवाला बाळासो सांगलीहून निरोप घेऊन आला. गावचं दूध आणि पावत्या सांगलीच्या संघाला जात आणि दर दहा दिवसांचे सभासदवार आकडे तिथून येत.

"सायेबांनी कोरी फ्लॉपी मागितलीया. त्यातनं आकडं धाडत्यात."

प्रियदर्शनी मावसबहिणीच्या लग्नाला वाईला गेलेली. भाऊसोंनी खण उघडला. आत एक फ्लॉपी होती. 'ही जपून ठेवा काका' असं पोरगी म्हणाली होती खरी, पण जपून ठेवायला तिच्यावर काही असायला तर हवं! भाऊसोंनी ती उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितली. टिंबसुद्धा नव्हतं. दिली बाळासोकडे.

दुसऱ्या दिवशी ती आकडे भरून आली. भाऊसोंनी हात जोडून ती कॉम्प्युटरमध्ये सरकवली, शिकवल्याप्रमाणे बटणं दाबली. कॉम्प्युटरनं इंग्रजीत लांबलचक काहीतरी विचारलं. शेवटी वाय की एन, एवढंच भाऊसोंना कळलं. कुणी विचारलं तर नाही म्हणायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती. त्यांनी वाय दाबलं.

प्रियदर्शनी चार दिवसांनी आली, कॉम्प्युटरपुढं बसली आणि बसल्या जागी पांढरी पडली.

"काका, दहा वर्षं कुठं गेली?"

"कुटं जात्यात? आत असतील की."

"आत दहा दिवस आहेत फक्त. जुन्यावर नवं बसवू का, असं विचारलं होतं त्यानं. तुम्ही होय म्हणालात. असू दे, माझ्याकडं नक्कल आहे. खणातली फ्लॉपी द्या."

भाऊसोंनी फक्त सांगलीच्या दिशेनं बघितलं; नक्कल तिथंच पुसली जाऊन तिच्या जागी नवे आकडे आले होते.

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. उभ्या नोकरीत त्यांनी वहीतला एक आकडा कधी खोडरबरानं पुसला नव्हता. चुकलं तर आडवी रेघ, शेजारी सही. चुकीलाही जागा ठेवायची. आणि आता एका बोटानं त्यांनी दहा वर्षं पुसली होती. तासगावला फोन लावला, तर द्राक्षवाला म्हणाला, "लय झ्याक कागद व्हता. कातरणं मुंबैला पोचली बी!"

बातमी फुटली तशी गावाची स्मरणशक्ती अचानक सुधारली. ज्याला त्याला आपला एकही खाडा आठवेना. मानसिंगची म्हैस दीड वर्ष भाकड होती, पण तोही हटेना.

"म्हस भाकड व्हती रं, मी व्हतो का? मी रोज येत व्हतोच की डेरीवर!"

भाऊसो चेअरमनकडे गेले. "दादासो, मी शपथेवर सांगतो. मनुबाईंचा खाडा न्हाई."

"तोंडी नगं गड्या. लोकं म्हनतील सचिवानं वशिला लावला. रिपोर्टात काय हाय त्ये वाचायचं."

वर्धापनदिनाला कॉम्प्युटरमध्ये उरलेल्या आकड्यांवरून रिपोर्ट छापला गेला. दादासोंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला. सभासद एकशेचाळीस. एकशेएकोणचाळीस जणांचा खाडा नाही. खाडा एकाच सभासदाचा, एकच दिवस, तारीख तीन. श्रीमती मनुबाई.

सभा खदखदून हसली. भाऊसोंना मात्र चहाची ती तारीख आठवली आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. ते उठून उभे राहिले. "ती माजी चूक हाय, दूध म्या घेतलं व्हतं," असं सांगू लागले, पण मानसिंगच्या टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही. किटली एक आणि हक्कदार एवढे, म्हणून ती ऑफिसातच चहाला ठेवायचं ठरलं. नावाची जागा कोरीच राहिली.

मांडवाबाहेर भाऊसोंनी मनुबाईंना गाठलं.

"आक्का, त्यो खाडा..."

"ठावं हाय मला," मनुबाई म्हणाल्या. "च्या बरा झाला व्हता न्हवं? मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात नव्या किटलीत पहिला चहा व्हायचा होता आणि त्यासाठी दूध अर्थातच कुणी दिलं नव्हतं. दारात मनुबाई उभ्या होत्या. त्यांनी न विचारताच आपली दुधाची किटली पुढं केली. भाऊसोंनी पिशवीतून स्वतः विकत आणलेली शंभरपानी वही काढली, पेनाचं टोपण उघडलं.

"आवं, च्याला तर घेताय. ल्हिताय कशाला?"

भाऊसोंनी पहिल्या पानावर आधी तीन तारीख लिहिली, मग आजची. दोन्हींपुढं मनुबाईंचं नाव घातलं, शेजारी सही केली. शाई वाळेपर्यंत थांबले आणि मगच दूध ओतून घेतलं.